तुम्ही विचारलेत म्हणून: मोडी व्हिडिओवर का शिकवतो?

फळा असताना मुलांना मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदपत्रांची लिपी, व्हिडिओवर का शिकवता, हा प्रश्न मला शिक्षण परिषदेत, पालकसभेत आणि परवा तर एसटीतही विचारला गेला. मास्तरला कष्ट नकोत, असा त्यामागचा सूर असतो, आणि तो मला लागतो.

बाळबोध, म्हणजे देवनागरी, अक्षर सुटे असते, ते पाहून गिरवता येते. मोडीत आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढायची आणि तिच्याखाली शक्यतो हात न उचलता लिहीत जायचे. अक्षर कुठून उठले आणि पुढच्याला कसे जाऊन मिळाले, हे पूर्ण झालेल्या अक्षरावरून मुलाला उमगत नाही. फळ्यावर लिहिताना माझीच पाठ आड येते. वरून टिपलेला हात मात्र सगळ्या वर्गाला दिसतो आणि हवा तिथे थांबवता येतो.

हे मला पहिल्यापासून कळत होते असे मुळीच नाही. 2014 मध्ये मोडी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील लिप्यांच्या जागतिक प्रमाणात, आली, फॉन्ट मिळू लागले, तेव्हा मी फॉन्टमधील एकेक अक्षर पडद्यावर आणणारा व्हिडिओ केला. पुढे काही वर्षांनी चौथीतील एका मुलीची सगळी मुळाक्षरे त्यावर पाठ झाली. एके दिवशी तिची आजी पत्र्याच्या पेटीतला, फडक्यात गुंडाळलेला जमिनीचा कागद घेऊन शाळेत आली. मुलगी बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिली. शब्दांत अंतर नाही, ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही, अक्षरे एकमेकांत ओवलेली. शेवटी तिने विचारले, “सर, हे आपल्या व्हिडिओतलं मोडी नाही का?” परंपरा ज्या हेमाडपंताला मोडीचे श्रेय देते, तो देवगिरीच्या यादवांचा प्रधान, त्याच मुलखातल्या पोरीला मी लिपीऐवजी सुटी चित्रे शिकवली होती. मी कागद हाती घेतला, तर मलाही चार ओळींपुढे जाता आले नाही. “राहू द्या सर, लेकराला येईल पुढं,” असे म्हणून आजींनी तो जुन्याच घड्यांवर मिटला.

त्या रात्री मी तो व्हिडिओ पुसला. आता बोरूच्या लेखणीने सलग ओळ लिहिणारा हातच टिपतो.

तरीही तुमचा आक्षेप खोटा नाही. काही मुले पडद्याकडे पाहत राहतात आणि पेन्सिल तशीच राहते. बोरू हातात धरल्याशिवाय मोडी येत नाही, असे पूर्वी मीच इतरांना सांगत असे, आणि ते आजही मला चूक वाटत नाही. 2023 पासून मराठा आरक्षणासाठी जुन्या मोडी कागदांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर, मूल जुना दस्त कधी वाचेल, असे पालक विचारतात. चौथीच्या मुलाच्या वतीने मी तसे वचन देत नाही.

आजींच्या कागदाचे छायाचित्र माझ्याकडे आहे. त्यातील पहिल्या नऊ ओळी आता मला लागतात. दहाव्या ओळीतला एक शब्द अजून लागलेला नाही, आणि ती मुलगी यंदा सातवीत गेली.