एकतर ओव्हर, नाहीतर आउट

दर 26 जानेवारीला आणि 15 ऑगस्टला इंदूरला आमच्याकडचा कार्यक्रम ठरलेला असतो. सकाळी पोहे, वर जिरावणाचा मसाला आणि शेव, शेजारी जिलेबी. मग दिल्लीचं जे काही असेल ते. आणि दुपारी कुठल्या ना कुठल्या चॅनेलवर 'बॉर्डर'. काका खुर्ची टीव्हीजवळ ओढून बसतात आणि आवाज वाढवायला सांगतात. सिनेमा त्यांना पाठ आहे. ते बसतात ते चुका काढायला.

काका फौजेत सिग्नलमध्ये, म्हणजे वायरलेस आणि टेलिफोनच्या लाइनी सांभाळणाऱ्या खात्यात होते. त्यामुळे बंदुका, रणगाडे, डायलॉग यांच्याशी त्यांचं भांडण नाही. भांडण वायरलेसशी आहे. कुठल्याही युद्धपटात कोणी 'ओव्हर अँड आउट' म्हणालं की काका खुर्चीत उसळतात. "अगं, ओव्हर म्हणजे माझं बोलून झालं, आता तू बोल. आउट म्हणजे विषय संपला. दोन्ही एकदम म्हणजे काय? या, बसा, आणि निघा?" दुसरी तक्रार याहून गंभीर आहे. सिनेमातला वायरलेसवाला इंटर्व्हलच्या आधी हमखास मरतो, तोही रिसिव्हर हातात धरून. "आमच्या माणसाला सेकंड हाफ कोणी दिलाच नाही," असं काका इतक्या दुखावलेल्या स्वरात म्हणतात की हसावं की नाही ते कळत नाही.

काकांनी 'हकीकत' पाहिला तो 1964 साली, सोळाव्या वर्षी. रीगल टॉकीजला की यशवंतला, यावर त्यांचं आणि काकूंचं अजून एकमत नाही. चीनशी युद्ध होऊन दोन वर्षं झाली होती. आपण हरलो होतो. आणि चेतन आनंद लडाखात जाऊन त्या हरण्यावर सिनेमा काढून आले. याचं मला अजून नवल वाटतं. विजयावर सिनेमा कोणीही काढील. इथे बर्फात अडकलेली माणसं आहेत, घरच्या आठवणीने चार गायकांच्या आवाजात गाणारी. आणि शेवटी मेलेले जवान उरलेल्यांना 'सांभाळा' म्हणून सांगतात. तो सिनेमा पाहून फौजेत गेलात का, असं मी एकदा विचारलं. "छे! त्यात तर सगळे मरतात. नोकरी हवी होती. महूला भरती होती आणि जायला पैसे पुरत होते."

महूची लष्करी छावणी आमच्यापासून वीस-बावीस किलोमीटर. इंदूरच्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. फौजी ट्रक दिसला की बाजूला व्हायचं, एवढंच. पण ते महू आलं कुठून? 21 डिसेंबर 1817 ला महिदपूरला होळकरांची फौज इंग्रजांकडून हरली. जानेवारी 1818 मध्ये मंदसौरचा तह झाला आणि इंग्रजांनी महूला तळ टाकला. होळकरांची राजधानी इंदूरला आली तीही त्या तहानंतरच. म्हणजे ज्या गावात आपण सराफा बाजारात रात्री बारा वाजता तळलेला गराडू कंद खातो, ते एका हरलेल्या लढाईच्या नंतरचं गाव आहे. इंदूरच्या तोपखाना भागात आता दुकानं आहेत, छावणी भागात धान्याची मंडी. महिदपूरवर मात्र मी एकही सिनेमा पाहिलेला नाही.

युद्धाच्या गाण्यांत मात्र माळव्याचा वाटा मोठा आहे. कवी प्रदीप आमच्या बडनगरचे. 'किस्मत' 1943 चा. वर महायुद्ध चालू, खाली इंग्रजांचा सेन्सॉर. त्यांनी गाण्यात परक्यांना दूर व्हायला सांगितलं आणि शत्रू म्हणून नावं घातली जर्मन आणि जपानची. सेन्सॉरला गाणं सरकारच्या बाजूचं वाटलं. थिएटरातल्या लोकांना कोणाला दूर व्हायला सांगितलंय ते बरोबर कळलं. मग वीस वर्षांनी, 27 जानेवारी 1963 ला दिल्लीत, याच प्रदीपांचं गाणं इंदुरात जन्मलेल्या लताबाईंनी म्हटलं. 'ऐ मेरे वतन के लोगो' कुठल्याच सिनेमातलं नाही, पण 1962 च्या युद्धाचा पहिला सिनेमा लोकांनी डोळे मिटून त्या गाण्यातच पाहिला असावा, असं मला वाटतं.

युद्धानंतर काय होतं, याबद्दल हिंदी सिनेमाची समजूत बराच काळ मोठी गोड होती. युद्धानंतर प्रेमाचा त्रिकोण होतो. 'संगम'मध्ये राज कपूर मेला म्हणून कळतं, मग तो परत येतो आणि सगळ्यांची पंचाईत होते. 'हम दोनो'मध्ये देव आनंदसारखा दिसणारा दुसरा देव आनंद बेपत्ता होतो, आणि परत येतो तो पाय गमावून. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानातून पंचवीस लाखांच्या आसपास माणसं फौजेत गेली होती. आपल्या पडद्यावर त्यांतली मोजकीच परत आली, आणि आली तीही 'हम दोनो'मधल्या नंदाच्या दारापर्यंत. त्या मानाने शांतारामबापूंनी 1946 मध्येच सोलापूरच्या डॉक्टर कोटणीसांवर सिनेमा काढला, चीनला जाऊन तिथेच वारलेल्या डॉक्टरवर, आणि कोटणीस स्वतः झाले. त्यात नायक जखमा करत नाही, बांधतो. त्या वाटेने पुढे फारसं कोणी गेलं नाही.

आमच्या आजीवर मात्र या गोड सिनेमांचा वाईट परिणाम झाला. तार आली की कोणीतरी गेलं, हे ती पडद्यावरून शिकली होती. डिसेंबर 1971 चं युद्ध चौदा दिवसांत संपलं, पण काकांचं पत्र येईना. जानेवारीत एक दिवस तारवाला ओटल्याशी उभा राहिला. आजी स्वयंपाकघरातून बाहेर यायला तयार होईना. "सांग, घरी कोणी नाही म्हणून!" असं ती आतून इतक्या मोठ्याने ओरडली की तारवाल्यालाही ऐकू गेलं. शेवटी शेजारच्या जोशीकाकूंनी सही करून तार वाचली. देवासच्या आत्याला मुलगा झाला होता. तो आतेभाऊ आता पन्नाशी ओलांडून गेला आहे. जन्माला आल्या आल्या घरात रडारड झालेला खानदानातला एकटाच. काका आले ते तार-पत्र काही न करता, पहाटेच्या गाडीने. त्यांना पाहून आजी काय बोलली ते कोणाला आठवत नाही. काका म्हणाले, "दूध आलं का?"

1971 जिंकलं, तरी घरोघरी पोहोचलेला 'बॉर्डर' यायला 1997 उजाडलं. सिनेमात दाखवलेल्या, राजस्थानच्या सीमेवरच्या लोंगेवाला चौकीत त्या रात्री मेजर चांदपुरींकडे सव्वाशेच्या आत-बाहेर माणसं होती, समोर पाकिस्तानी रणगाडे, आणि सकाळी जैसलमेरहून हंटर विमानं येईपर्यंत तग धरायचा होता. आपले दोन जवान गेले. सिनेमात किती जातात ते तुम्हाला माहीतच आहे. चांदपुरी तर 2018 पर्यंत होते. मी काकांना म्हटलं, खऱ्या गोष्टीतली कमाल हीच नाही का, की एवढ्या रणगाड्यांपुढे इतकी माणसं वाचली? काका म्हणाले, "वाचलेल्या माणसांचं तिकीट कोण काढणार?"

एका सिनेमाच्या वेळी मात्र ते गप्प बसतात. नाना पाटेकरांचा 'प्रहार', 1991 चा. त्यात पाय गेलेला पीटर फौजेतून घरच्या बेकरीत परत येतो आणि गल्लीतले गुंड त्याला ठार मारतात. त्यात ओव्हर नाही, आउट नाही. संपला की काका उठून कुंड्यांना पाणी घालायला जातात. मी कधी विचारलं नाही.

त्यांची स्वतःची लढाई म्हणजे केबल. पंजाबात रात्री तुटलेली लाइन शोधत चालायचं, हाताने चाचपत, टोकं सापडली की जोडायची, आणि तोवर दुसरीकडे तुटायची. एवढं त्यांनी सांगितलं, तेही घरचं इंटरनेट बंद पडलं होतं तेव्हा, दुरुस्तीला आलेल्या पोराला वायर कशी शोधावी हे शिकवताना.

त्यांच्या युनिटातले एक दोस्त साताऱ्याला असतात. रविवारी संध्याकाळी दोघांचा फोन. दोघांनाही आता कमी ऐकू येतं; समोरचा थांबलाय की श्वास घेतोय ते कळत नाही, मग दोघं एकदम बोलतात आणि एकदम गप्प होतात. गेल्या दिवाळीपासून त्यांनी यावर उपाय काढलाय. काका गच्चीच्या दारात उभे राहून फोन कानाशी घट्ट धरतात आणि खणखणीत आवाजात सांगतात, "गुडघ्याचं डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा. मी म्हटलं, बघू. ओव्हर."

मग तिकडून बराच वेळ काहीतरी चालू असतं. पेन्शन, सून, कॅन्टीनमधला चहा महागला, कोण गेलं. काका मान हलवत राहतात. पलीकडून ओव्हर येईपर्यंत मध्ये बोलत नाहीत.

काकू आतून विचारतात, "संपलं का हो? पोळ्या गार होतायत."

काका हातानेच 'थांब' म्हणतात.