तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं चालून काय होतं?

शांततेसाठी पदयात्रा करत आम्ही मुक्कामाला पोचलो की हा प्रश्न येतोच. "शेकडो किलोमीटर चालून काय मिळतं? गाडीनं या, सभा घ्या, शांततेचं काय ते सांगा. चालल्यानं का कुठे दंगलीच्या जखमा भरतात?" तेव्हा मी थकलेली असते, उत्तर अर्धवट राहतं. आज सवडीनं देते.

गाडीतून येणाऱ्याला त्या गावाकडून काहीच नको असतं. चालत येणाऱ्याला सगळंच लागतं. पाणी, सावली, रात्री पाठ टेकायला जागा, उद्याची वाट. तो दारात उभा राहतो तो मागणारा म्हणून. जिथे शेजारी शेजाऱ्याकडे वर्षभर संशयानं बघत आलाय, तिथे अनोळखी माणसानं येऊन खुशाल पाणी मागावं, ही फार मोठी गोष्ट असते. मला चालण्याचं सगळं बळ त्या मागण्यातच दिसतं.

सतीश कुमार आणि ई. पी. मेनन १९६२ साली अण्वस्त्रांच्या विरोधात दिल्लीहून पायी निघाले. मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टन. मधला समुद्र तेवढा बोटीनं. निघताना विनोबांनी त्यांना सांगितलं होतं, सोबत पैसे घेऊ नका. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तो हट्ट वाटला. स्वतः चालायला लागल्यावर उमगलं. खिशात पैसे असले की आपण खोली घेतो, दार लावतो नि झोपतो. नसले की कुणाच्या तरी घरात बसावं लागतं, आणि बसलं की बोलणं निघतं.

एकदा अशाच एका वस्तीत टाचेला मोठा फोड घेऊन पोचले. रस्त्याच्या अलीकडची घरं आणि पलीकडची घरं, यांच्यात बोलणं बंद. जिच्या घरी उतरले तिनं पाय पाहिला, सुई शोधली, मिळेना. मग मुलाला समोर पाठवलं. समोरची बाई सुई घेऊन स्वतःच आली. सुई ज्योतीवर धरली, फोडातून दोरा ओवला, पाणी निघून जावं म्हणून दोऱ्याची टोकं बाहेर ठेवली. दोघी एकमेकींशी चकार शब्द बोलल्या नाहीत. जे काही सांगायचं ते मला. "यांना म्हणावं, उद्या पाय ओला करू नका." "यांना म्हणावं, घट्ट बांधू नका." अर्धा तास त्या एकाच दिव्याच्या उजेडात माझ्या टाचेवर वाकल्या होत्या. पुढे त्यांचं बोलणं सुरू झालं का, मला माहीत नाही. सकाळी आम्ही निघालो.

चालल्यानं सगळं मिटतं, असं मी कधीच म्हणणार नाही. गांधीजी ७७ व्या वर्षी बंगालमधल्या दंगलींनी होरपळलेल्या नोआखालीत अनवाणी फिरले. बांबूचे अरुंद साकव ओलांडायचा त्यांनी आधी सराव केला, १९४७ च्या सुरुवातीच्या दोन महिन्यांत ४७ गावं पायाखाली घातली. फाळणी टळली नाही. पण घरात दडून बसलेल्यांच्या दारापर्यंत कुणीतरी पायी आलं.

कंबोडियाचं तर मला राहून राहून आठवतं. भिक्खू महाघोसानंद यांचं कुटुंब ख्मेर रूज या तिथल्या क्रूर राजवटीच्या काळात संपलं होतं. १९९२ साली ते थायलंडच्या सीमेवरच्या छावण्यांतल्या निर्वासितांना घेऊन राजधानी नॉम पेन्हपर्यंत चालत गेले. लोक पाण्याची भांडी घेऊन रस्त्याकडेला थांबत आणि भिक्खू ते पाणी आशीर्वाद म्हणून त्यांच्यावर शिंपडत. वर्षानुवर्षं ताटातूट झालेले नातलग वाटेवर एकमेकांना सापडले. १९९४ च्या यात्रेत गोळीबारात सापडून एक भिक्खू आणि एक भिक्खुणी गेले. पुढच्या वर्षी यात्रा पुन्हा निघाली.

तुम्हाला यायचं असेल तर आधी चार दिवसांसाठी या. रुळलेली पादत्राणं घाला, सामान कमी ठेवा. सुईदोरा मी हल्ली बरोबर नेत नाही, कुणाकडे तरी मागते.