ताटातला देवमासा

ओसाकात येऊन चार वर्षं झाली, पण 'कुजिरा' ताटात यायला गेला डिसेंबर उजाडावा लागला. कुजिरा म्हणजे देवमासा. ऑफिसातले एक सिनियर निवृत्त होणार होते. निरोपाचं जेवण कुठे घ्यायचं, असं विचारल्यावर त्यांनी एकच शब्द उच्चारला, "हारिहारी-नाबे." मिझुना नावाची पालेभाजी आणि देवमाशाच्या पातळ चकत्या, टेबलावरच उकळत्या रश्श्यात शिजवायच्या. ही ओसाकाची जुनी खासियत. मिझुना दाताखाली कुरकुरते, त्या आवाजाला जपानी माणूस 'हारिहारी' म्हणतो.

आधी देवमाशाचं बेकन आलं. पांढऱ्याशुभ्र चरबीच्या चकत्या आणि एका बाजूला रंगवलेली लालभडक किनार, नऊवारीच्या काठासारखी. मागोमाग रश्श्यासाठीचं मांस आलं, ते मात्र काळपट लाल, बकऱ्याच्या कलेजीच्या रंगाचं.

सिनियर डोळे मिटून खात होते. लहानपणी शाळेच्या जेवणात हेच असायचं म्हणे, आलं-सोया लावून तळलेलं, इतकं चिवट की चावता चावता पुढच्या तासाची घंटा व्हायची. महायुद्धानंतर देशात खायची भ्रांत होती. 1946 साली, हरलेल्या जपानचा कारभार पाहणाऱ्या अमेरिकी जनरल मॅकआर्थरच्या प्रशासनाने जपानी बोटींना अंटार्क्टिकात शिकारीची परवानगी दिली आणि गरिबांना परवडणारं मांस मिळालं. 1962 च्या सुमारास वर्षाला दोन लाख टनांहून जास्त खपायचं, आता जेमतेम दोनेक हजार टन.

शेजारी बसलेल्या सव्वीस वर्षांच्या पोराने हे आयुष्यात पहिल्यांदाच तोंडात घातलं होतं. त्याला फारसं आवडलंही नाही. मग शिकार बंद करा की, असं मी म्हटलं तर एकदम ताठ झाला. "ते ऑस्ट्रेलियाने का ठरवायचं?" ऑस्ट्रेलियाच्या दाव्यावर आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 2014 मध्ये जपानची अंटार्क्टिकातली 'शास्त्रीय' शिकार शास्त्रीय नसल्याचं सांगितलं होतं. (शास्त्रासाठी मारलेल्याचं मांस दुकानात विकायला यायचं, तेव्हा मलाही ते कधी पटलं नाही.) 2019 मध्ये जपान, धंद्यासाठीच्या शिकारीवर बंदी घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगातूनच बाहेर पडला आणि स्वतःच्या समुद्रात उघड धंदा सुरू केला. ताटावरून भांडणं आपल्याला तरी कुठे नवीन आहेत!

सिनियरनी मग यामागुची प्रांतातल्या कायोई गावाची गोष्ट सांगितली. तिथे 1692 सालची देवमाशांची समाधी आहे. मारलेल्या माद्यांच्या पोटात निघालेले गर्भ तिथे पुरायचे. माणसाला मेल्यावर बौद्ध नाव देतात, तसं देवमाशांनाही दिलं जायचं आणि देवळाच्या वहीत त्याची नोंद व्हायची. मारायचं, खायचं आणि श्राद्धही घालायचं. मी काठ्या तशाच धरून बसले. नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं पिल्लू अडकलं होतं, तेव्हा आमचं रत्नागिरीचं अख्खं घर दोन दिवस बातम्यांना चिकटून होतं. सगळ्यांनी जीव तोडून त्याला समुद्रात ढकललं, तरी ते वाचलं नाही.

तरी दोन चकत्या खाल्ल्या. निरोपाचा दिवस होता, त्यांनी स्वतःच्या काठ्यांनी वाढल्या होत्या.

रविवारी फोनवर आईला भीत भीत सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. नावातच देव आहे, आता बोलणी खायची तयारी ठेवावी, असं मनाशी म्हणतेय तोवर तिने विचारलं, "अगं, पण त्यात आंबटाला काय घालतात? कोकमं तर नसतील तिकडे."