पुलावर ४५ फूट, मग आमच्या उंबऱ्यात किती?

पावसाळ्यात सांगलीकराला चहाच्या आधी एकच आकडा लागतो: आयर्विनला किती? म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पट्टीवर पाणी किती फुटांवर. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे शेंबड्या पोरालाही पाठ. पण ४५ ला पाणी आपल्या दारात असतं की गल्लीच्या तोंडाशी, हे आमच्याकडं कुणालाच सांगता येत नव्हतं. २००५ ला पायरी भिजवून गेलं, आत आलं नाही, या भरवशावर २०१९ ला बसून राहिलो. पुलावर ५७ फूट ६ इंच झाले. फ्रिज पलंगावर चढवला होता, तो पलंगासकट भिजला. २०२१ ला पुन्हा ५५ च्या आसपास, पुन्हा चिखल. तेव्हा ठरवलं, गल्लीचा पूरनकाशा आपणच करायचा.

सरकारी पूररेषा आहेतच. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. त्या नकाशाची नक्कल आणायची, त्यावर आपली घरं मांडायची, आठवड्यात काम फत्ते, असा माझा हिशोब. हसा.

कार्यालयाचं नाव घेत नाही, माझा एक अर्ज अजून तिथंच आहे. पहिल्या दिवशी विचारलं गेलं, "कशाला पाहिजे? प्लॉट विकायचाय का?" म्हटलं, पाणी कुठवर येतं ते बघायचंय. "ते पेपरात येतं की." दुसऱ्या खेपेला साहेब दौऱ्यावर. तिसऱ्या खेपेला टेबल बदललेलं, आणि नव्या टेबलाला माझा अर्जच सापडेना, कारण पोच मी घेतली नव्हती. (आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय जिना उतरू नका. ही अक्कल मला तीन हेलपाट्यांनी आली.) शेवटी १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज टाकला. तिसाव्या दिवशी, बरोबर तिसाव्या, पाकीट आलं.

आत नकाशाची झेरॉक्स. काळी-पांढरी! निळी रेषा काळी, लाल रेषाही काळी. आमची गल्ली जिथं असायला हवी तिथं घडी पडून शाई उडालेली. मी ते भिंगाखाली धरून बसलो, तर बायको म्हणाली, "कुंडली बघताय काय?"

पुन्हा गेलो. या खेपेला एका तरुण अभियंत्यानं संगणकावर रंगीत नकाशा दाखवला, पण त्यातल्या उंच्या मीटरमध्ये, समुद्रसपाटीपासून. पूल बोलतो फुटात. मग साधा प्रश्न उरला: पुलावरच्या पट्टीचा शून्य समुद्रसपाटीपासून किती उंचीवर? एवढं कळलं की सगळं जुळतं. या शून्यासाठी मी दोन महिने घालवले. हे कार्यालय म्हणे त्यांना विचारा, ते म्हणे यांना. लेखी उत्तर आलं, "सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही." संताप असा, की पुलावर जाऊन पट्टीलाच विचारावंसं वाटलं.

गाठ सोडवली आमच्या गवंडी मामांनी. ओट्यावर तंबाखू मळत म्हणाले, "शून्य कशाला पायजे? तुमच्या भितीवर पान्याची रेघ हाय न्हवं?" मी गप्प. २०१९ ला पुलावर ५७ फूट ६ इंच होते तेव्हा माझ्या उंबऱ्यावर साडेतीन फूट पाणी होतं. वजा केलं की उंबरा आला ५४ वर. पडताळा २०२१ चा: पुलावर ५५, घरात फूटभर. जुळलं! हे करताना पुलाच्या आणि आपल्या पाण्यातली उंची-सखलही आपसूक हिशोबात येते. ज्याच्या घरी खूण उरली नव्हती तिथं मामांनी पारदर्शक नळीत पाणी भरून शेजारच्या खुणेवरून लेव्हल काढून दिली. तीन रविवार, एकवीस घरं.

खुणा शोधायला दर्शनी भिंती बघू नका, त्या दिवाळीला रंगवलेल्या असतात. मोरीची मागची भिंत, जिन्याखालची जागा, मीटरच्या पेटीमागं बघा. आणि घरातल्या म्हातारीला विचारा, ती फूट सांगत नाही, "देवळीतल्या समईला लागलं होतं" म्हणते, तेच मोजा.

खरा धक्का घरांनी दिलाच नाही, कोपऱ्यानं दिला. गल्लीच्या तोंडाशी नाल्यातून पाणी उलटं चढतं. नळीनं काढलं तर तो कोपरा निघाला ४६. म्हणजे उंबरा ५४ ला भिजणार म्हणून मी निवांत, पण बाहेर पडायची वाट आठ फूट आधीच बंद! आता आम्ही सामान ५० ला उचलतो, पण म्हाताऱ्या माणसांना आणि गाडीला ४४ लाच हलवतो.

आकडे ऑइलपेंटनं फाटकांवर लिहायचे ठरले तेव्हा समोरच्या काकू अडल्या. "पोरीचं लग्न काढायचंय, घर विकायला लागलं तर? दारावरच बुडीत म्हणून लिहिताय होय?" त्यांचंही चूक नव्हतं. त्यांचा आकडा आतल्या बाजूला लिहिला, मीटरच्या पेटीच्या झाकणामागं. परवा लाइटबिलवाला रीडिंग घ्यायला आला, झाकण उघडून विचारता झाला, "काकू, हे ५२ काय?"

"काय न्हाई," त्या म्हणाल्या, "आमच्या चुलीची उंची हाय."