‘खूप वेळ’ म्हणजे किती तास?

पॅट्रियट या अमेरिकन हवाई संरक्षण मिसाईल सिस्टीमची गोष्ट सॉफ्टवेअरवाले कायम राउंडिंग एररचं, म्हणजे आकडा तोडून साठवल्याने होणाऱ्या चुकीचं उदाहरण म्हणून सांगतात, मला मात्र ती मिशन बदललं आणि रिक्वायरमेंट (सिस्टीमने काय करायला हवं याची लेखी अट) तिथेच राहिली याची गोष्ट वाटते.

25 फेब्रुवारी 1991, आखाती युद्ध, सौदीतलं धहरान. पॅट्रियटची बॅटरी (रडार, कॉम्प्युटर आणि लाँचरचा एक संच) सलग 100 तासांच्या वर चालू, घड्याळ 0.34 सेकंदाने सरकलेलं आणि इराकचं स्कड मिसाईल येतंय सेकंदाला दीड किलोमीटरहून जास्त वेगाने, म्हणजे तेवढ्यात ते अर्धा किलोमीटर पुढे. रडार भलत्याच जागी शोधत बसलं, मिसाईल सुटलंच नाही, 28 अमेरिकन सैनिक गेले.

बग होताच. सेकंदाचा दहावा भाग 24 बिटात पूर्ण बसत नाही, शेपूट कापलं जातं आणि चूक साचत जाते. पण ही सिस्टीम मुळात केली कशासाठी, तर युरोपात सोव्हिएत विमानं नि क्रूझ मिसाईल पाडायला, एका जागी काही तास थांबायचं आणि शत्रूला पत्ता लागायच्या आत हलायचं! त्या कामाला ते घड्याळ चालून जात होतं. आखातात टार्गेट बदललं, वेग बदलला, मुक्कामही दिवसच्या दिवस. स्कडसाठी सॉफ्टवेअरमध्ये बदल केले, पण ‘काही तास’ हे गृहीतक कोणी उकरून बघितलं नाही.

आणि इशारा आला नव्हता असंही नाही हां. इस्रायलने 8 तासांनंतर रडार जिथे शोधतं त्या जागेत 20 टक्के फरक पडतो असा डेटा दिला होता, मग युनिट्सना कळवलं गेलं की खूप वेळ चालू ठेवलं तर प्रॉब्लेम येऊ शकतो. खूप म्हणजे किती ते लिहिलंच नव्हतं! दुरुस्त सॉफ्टवेअर धहरानला पोचलं 26 तारखेला.

आपल्या ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्समध्ये (कुठली रिक्वायरमेंट कुठून आली आणि कुठल्या टेस्टने तपासली याचा तक्ता) रिक्वायरमेंटपासून टेस्टपर्यंत सगळं हिरवंगार असतं, वरच्या बाजूला, म्हणजे ती का आहे याकडे, मात्र लिंक जाते दुसऱ्या एका डॉक्युमेंटला आणि तिथेच संपते. मी आता प्रत्येक आकड्याला तो कुठल्या उद्दिष्टासाठी आहे आणि काय धरून चाललोय हे जोडतो. म्हणजे ‘बघून परत ये’चं ‘तिथेच थांबून नजर ठेव’ झालं की इंधन, कूलिंग, स्टोरेज, ऑपरेटरच्या शिफ्ट असं काय काय परत तपासायचं ते लगेच दिसतं. सगळ्यालाच लिंका लावत सुटलं तर कोणी वाचत नाही, तेही बघितलंय, त्यामुळे वेळ, वेग, अंतर आणि शत्रू कोण एवढ्यावरच थांबतो.

तरी एक राहतंच, मिशन बदलणारा माणूस आमचं डॉक्युमेंट कधी उघडत नाही. म्हणून असली मर्यादा मी थेट ऑपरेटरच्या स्क्रीनवर मागतो: सलग चालू 9 तास, मर्यादा 8.