सम गेम संपला की चेंडू फिरतात

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असे मुख्याध्यापकांचे पत्र आले आणि पहिली आठवण झाली ती सरांची. शाळेला क्रीडाशिक्षक अनेक लाभले, पण नुसते ‘सर’ म्हटले की कोण, हे जुन्या तुकड्यांना सांगायला नको. खो-खो, मल्लखांब सगळेच त्यांनी शिकवले. त्यावर इतर लिहितीलच. मला लिहायचे आहे त्यांच्या बॉलबॉय-बॉलगर्लच्या, म्हणजे टेनिसच्या सामन्यात चेंडू उचलून देणाऱ्या मुलामुलींच्या, पथकाविषयी. सांगलीत टेनिसचे सामने भरले की आपल्याच शाळेची मुले मागितली जात, आणि त्यामागे सरांचा केवढा विचार होता याची नोंद कुठेच नाही.

पथक सहा जणांचे. दोघे नेटच्या खांबांशी एक गुडघा टेकून, चौघे मागच्या चार कोपऱ्यांत उभे. खेळ चालू असताना मागच्यांचे हात पाठीशी, कारण हातातला पिवळा चेंडू खेळाडूच्या नजरेत आला तर त्याचे लक्ष उडते. नेटवाल्यांनी चेंडू साठवायचे नाहीत. उचलला की ज्या टोकाहून सर्व्हिस चालू आहे तिकडे पाठवायचा.

चेंडू कोणत्या टोकाला हवेत, इथेच नवी मुले गोंधळतात. सर त्यासाठी फळ्यावर कोर्ट काढायचे. गेम म्हणजे एकाच खेळाडूच्या सर्व्हिसवर चालणारा छोटा डाव, असे अनेक गेम मिळून एक सेट. पहिला, तिसरा, पाचवा असा विषम गेम संपला की खेळाडू बाजू बदलतात. पण सर्व्हिसही दुसऱ्याकडे जाते, म्हणून पुढची सर्व्हिस त्याच टोकाहून होते आणि चेंडू जागचे हलवायचे नसतात. सम गेम संपला की खेळाडू आपापल्या बाजूलाच राहतात आणि सर्व्हिस पलीकडे जाते. तेव्हा सामन्यातले सहाही चेंडू त्या टोकाला पोचवायचे, तेही २५ सेकंदांच्या आत. गंमत अशी की ९० सेकंदांची विश्रांती विषम गेमनंतर (सेटचा पहिला गेम सोडून) मिळते, जेव्हा चेंडूंना प्रवासच नसतो! सरांनी हे एका ओळीत बसवले होते: ‘विषम संपला की माणसे फिरतात, सम संपला की चेंडू फिरतात.’ व्हरांड्यात दिसेल त्याला ते अडवायचे, ‘चौथा संपला, चेंडू कुठे?’ उत्तर अडखळले तर त्या दिवशी कोर्टवर उभे राहता येत नसे. टायब्रेकमध्ये, म्हणजे सेट बरोबरीत आल्यावरच्या निर्णायक गेममध्ये, पहिल्या गुणानंतर दर दोन गुणांनी सर्व्हिस बदलते, म्हणून तेव्हा दोन्ही टोकांना तीन-तीन चेंडू ठेवायचे.

चेंडू फेकायचा नाही, घरंगळवायचा. सारवताना हात जमिनीला लागतो तसा शेवटपर्यंत खाली. बेसलाइनपासून, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेपासून, नेट ३९ फूट आणि मागचा मुलगा बेसलाइनच्याही बराच मागे, म्हणून एका दमात पलीकडे पाठवायचे नाही. नेटवाल्याने अडवायचा, वळायचे आणि पुढे सोडायचा. लाल मातीच्या कोर्टवर लाइनीच्या टेपा खिळ्यांनी ठोकलेल्या असतात. चेंडू टेपेच्या कडेला लागला की उडून थेट कोर्टात शिरतो, म्हणून दुहेरीच्या, म्हणजे बाजूच्या सर्वांत बाहेरच्या, लाइनीबाहेर हातभर अंतर ठेवून सोडायचा. नुकतेच पाणी मारलेले असेल तर जोर वाढवायचा, नाहीतर चेंडू वाटेतच बसतो. अमेरिकन ओपनमध्ये मुले वर्षानुवर्षे चेंडू फेकत असत. २०१८ साली तिथेही घरंगळवणे सुरू झाले. सर ते कितीतरी आधीपासून शिकवत होते.

खेळाडूला चेंडू देताना हात सरळ वर, चेंडू दिसेल असा. त्याने पाहिले की एकच टप्पा, कमरेच्या उंचीला येईल असा. एका वेळी एकच चेंडू. संपले की रिकामे तळहात दाखवायचे. आणखी एक नियम सर घोटून घेत: चालू खेळातला चेंडू अंगावर आला तरी झेलायचा नाही. आपल्या जागी उभा असलेला बॉलबॉय पंचाच्या खुर्चीसारखाच कोर्टचा भाग धरला जातो. टप्पा पडण्याआधी चेंडू त्याला लागला तर मारणाऱ्याचा गुण जातो, कोर्टच्या आत टप्पा पडून मग लागला तर मारणाऱ्यालाच मिळतो. म्हणजे झेलायला पुढे सरकलेले पोर सामन्याचा निकाल फिरवू शकते.

नेटवर सर बहुतेकदा मुलींना ठेवत, कारण त्या जास्त खाली वाकून पळत आणि वेळ अचूक साधत. विम्बल्डनमध्ये मुलींना १९७७ साली प्रवेश मिळाला आणि तिथल्या मुख्य, म्हणजे सेंटर कोर्टवर त्या आणखी काही वर्षांनी दिसू लागल्या. मुलींना घ्यावे की नाही, हा प्रश्न सरांना कधी पडलाच नाही.

आज राज्य पातळीवरच्या स्पर्धांत मी पंच म्हणून खुर्चीवर बसतो आणि सम गेम संपला की नजर आपोआप चेंडूंवर जाते. बऱ्याच ठिकाणी मुले घाईघाईने उभी केलेली असतात, कोणी शिकवलेले नसते. करोनानंतर टॉवेलही खेळाडूच घेऊ लागले, त्यामुळे काम सोपे झाले असा समज आहे. टॉवेल हा कामाचा सर्वांत किरकोळ भाग होता. आपल्या कोर्टची लाल माती जाऊन सिमेंट आले याचे मात्र वाईट वाटते. सिमेंटवर कसाही ढकललेला चेंडू पोचतो, त्यामुळे हात तयार होत नाही.

शाळेने पथक पुन्हा उभे करायचे ठरवले तर शिकवायला मी येईन. मुले बारा हवीत. सांगलीच्या एप्रिलमध्ये सहा जणांवर पूर्ण सामना टाकू नये. विम्बल्डनलाही तासभर काम आणि तासभर विश्रांती असते. आपण सर करायचे तसेच करू: सेट संपला की पथक बदलायचे.