तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रॅव्हिसवर माझा राग का?

‘पॅरिस, टेक्सस’ म्हटलं की तुझा चेहरा बदलतो आणि गवत कापायच्या यंत्रावर बसून निघालेल्या म्हाताऱ्यासाठी मात्र डोळे भरून येतात, असं का? इतक्या जणांनी विचारलंय, आता लिहूनच टाकते.

चित्रपट वाईट आहे असं मी कधीच म्हटलेलं नाही. पुण्यात कॉलेजला असताना दिग्दर्शक विम वेंडर्सचा हा १९८४ चा चित्रपट पहिल्यांदा पाहिला आणि रात्रभर झोपले नाही. चार वर्षं बेपत्ता असलेला ट्रॅव्हिस परततो, आपल्या लहानग्या मुलाची, हंटरची, त्याच्या आईशी ह्यूस्टनच्या हॉटेलात गाठ घालून देतो आणि स्वतः खाली उभा राहून वर बघतो, मग निघून जातो. हा केवढा मोठा त्याग, म्हणून मी मैत्रिणींशी वाद घातले. तेव्हा मला तसं मानायची गरज होती.

त्याच्या दोनच वर्षं आधी, मी बारावीत असताना, वडील नऊ वर्षांनी घरी आले होते. मे महिन्यातली दुपार. शर्ट काढून त्यांनी सवयीने दारामागे हात नेला. तिथली खुंटी आम्ही कधीच काढली होती, कॅलेंडर लावलं होतं. शर्ट हातात धरून ते तसेच उभे राहिले. आईने तो घेऊन खुर्चीवर टाकला. जेवताना वडिलांनी मला एवढंच विचारलं, “फिजिक्स जड जातं का?” मी नाही म्हटलं. पाचच्या सुमाराला “कोपऱ्यावर जाऊन येतो” म्हणाले. मी खिडकीशी गेले. समोरच्या रिक्षा स्टँडजवळ उभे राहून ते आमच्या खिडकीकडे बघत होते, बराच वेळ. मी पडद्याआड होते. हाक मी मारली नाही, त्यांनीही नाही. काका नंतर म्हणाले, “तुमच्या मांडलेल्या घरात लुडबुड नको म्हणून गेला. मन मोठं लागतं.”

तो यंत्रावरचा म्हातारा दिग्दर्शक डेव्हिड लिंचच्या ‘द स्ट्रेट स्टोरी’ या १९९९ च्या चित्रपटातला, अल्विन स्ट्रेट. हा माणूस खरोखरच होता. १९९४ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, तो आयोवातल्या लॉरेन्सहून विस्कॉन्सिनला आजारी भावाकडे गवत कापायच्या यंत्रावर बसून गेला. सुमारे २४० मैल. नजर अधू, गाडीचा परवाना नाही. पडद्यावरचा अल्विन भावाच्या दाराशी येतो, त्याला नावाने हाक मारतो आणि त्याच्या शेजारी जाऊन बसतो. दोघं फारसं बोलतही नाहीत. तो भाऊ झालाय हॅरी डीन स्टँटन, म्हणजे ट्रॅव्हिस झालेलाच नट. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी चित्रपट थांबवून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले होते.

अल्विन भावाकडे जातो, बायकोमुलाकडे नाही, त्यामुळे ही तुलनाच चुकीची, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. ट्रॅव्हिसने बायकोच्या पायात घंटा बांधली होती, हेही मी विसरलेले नाही. असा माणूस घरात राहायला हवा होता, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? आई तर सरळ सांगते, “गेले ते बरं झालं.” तिला जे माहीत आहे ते तिने मला कधी सांगितलेलं नाही.

राहू नका, पण जिना चढून वर या आणि जातोय म्हणून सांगा. हंटरसाठी ट्रॅव्हिस निदान आवाज टेप करून ठेवतो.